दोन सह्यांचा पक्षी

सोलापूरच्या कंबर तलावावर दिवाळी सरली की कुठकुठून पक्षी येतात, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण नुसतं येऊन भागत नसे. आमच्या मास्तरांनी 'आला' म्हणेपर्यंत तो पक्षी आलेला नसायचा. बिचारा पर्वतबिर्वत ओलांडून, पंख झिजवत इथवर येऊन पाण्यात पोहत असला, आम्ही दहा-बारा जणांनी त्याला दुर्बिणीतून डोळे भरून पाहिलेलं असलं, तरी मास्तरांच्या वहीत दोन सह्या पडेपर्यंत तो कायद्यानं अजून वाटेतच. एवढा अधिकार मी तहसील कचेरीतल्या माझ्या सगळ्या नोकरीत एकाही साहेबाच्या हातात पाहिला नाही, आणि कचेरीत सह्या काय कमी असतात होय?

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते चादरींच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी, आणि आयुष्यभर काम एकच: चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर, कमळं, हत्ती काढायचे आणि त्याबरहुकूम मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडून घ्यायची. एक भोक चुकलं की हत्तीचा कान गेला. अशा कामात पस्तीस-चाळीस वर्षं घालवलेला माणूस निवृत्तीनंतर देवळात जाऊन बसेल असं वाटतं, पण ते तळ्यावर जाऊन बसले. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे रविवारी पहाटे त्यांच्या सायकलचं स्टँड खाडकन वर गेलं की मला अंथरुणात ऐकू यायचं आणि मी कूस बदलायचो. मग मीही निवृत्त झालो. घरी बसून महिनाही झाला नसेल, तर आमच्या सौभाग्यवतींनी फर्मावलं, "सकाळपासून डब्यांची झाकणं मोजत हिंडता, त्यापेक्षा त्या मास्तरांबरोबर जाऊन पक्षी तरी मोजा." मी मूळचा करकंबचा. आमच्याकडे पक्षी दोनच जातींचे, पिकावर बसणारे आणि न बसणारे. पण हुकूम म्हणजे हुकूम. गेलो.

पहिल्याच दिवशी मी पिवळाधमक टी-शर्ट घालून गेलो होतो. मास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. खांद्यावरच्या पिशवीतून एक मातकट रंगाची चादर काढली आणि भर रस्त्यात माझ्या अंगाभोवती गुंडाळली. ती चादर खास याच कामासाठी ते बाळगायचे. नवा माणूस हौसेनं भडक कपडे करून येणार हे धरूनच चालायचे ते. त्या दिवशी तळ्याकाठच्या बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी तिघांनी मला थांबवून "ताप आहे का हो?" असं विचारलं, आणि एका आजींनी तर घरी जाऊन काढा घ्या म्हणून सांगितलं. मी मास्तरांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "माणसांनी विचारलं न्हवं? पक्ष्यांनी विचारलं का? मग झालं की." वर अत्तर लावून यायचं नाही, टोपी लाल नको, आणि 'वॉव' म्हणायचं नाही हेही तेव्हाच सांगितलं. कुजबुजायलाही बंदी होती. बोलायचं तर साध्या आवाजात, हळू बोलायचं. "कुजबुजलं की त्यांना वाटतं, आपण त्यांच्याबद्दल कायतरी बोलतोय," हे त्यांचं म्हणणं. कुणाला हसू आलं तर मास्तर स्वतः हसत नसत, त्यामुळे हसणाऱ्याची पंचाईत व्हायची.

नाश्त्याचाही कायदा होता. तीस जाती झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. शेंगाची चटणी, दही आणि कडक भाकरी, सगळं पिशवीत तयार असायचं, वास यायचा, आणि आमची गाडी अठ्ठावीसवर अडकलेली. अशा वेळी मी एकदा हळूच म्हटलं, "मास्तर, कावळा धरला का?" मला वाटलं रागावतील. पण त्यांनी गंभीरपणे वही उघडली. "धरायलाच पायजे. कावळ्यानं काय तुमचं घोडं मारलंय?" म्हणाले आणि मग मला पंधरा मिनिटं कावळ्याकडे बघायला लावलं. गावकावळा कुठला, डोमकावळा कुठला, मानेवरचा राखी पट्टा कुठं सुरू होतो, कुठं संपतो. पोटात कावळे ओरडत असताना बाहेरच्या कावळ्याची मान बघत मी उभा होतो. चटणी हातभर अंतरावर होती.

पक्ष्याचं वर्णन ते कापडासारखं करायचे. धोबी पक्षी म्हणजे "पांढरी बॉडी, काळा काठ, साधा माल पण सफाईदार." खंड्याच्या निळ्याला "पक्का रंग, उकळत्या पाण्यात टाका, जाणार न्हाय." हुदहुद दिसला की मात्र दरवेळी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. डोक्यावर तुऱ्याचं एवढं काम करायची गरज नव्हती, ही डिझाइन कुणी पास केली, असं पुटपुटायचे. आणि आपण जर म्हणालो की मास्तर, तपकिरी रंगाचा कसलातरी छोटा पक्षी बसलाय, तर झालंच. तपकिरी कसला? चहाचा की चिंचेचा? अंगभर एकसारखा की पोटाकडं फिका? शेपटीच्या कडेला पांढरी तार आहे का? आपण पुन्हा बघायला जावं, तर पक्षी उडून गेलेला. मास्तर म्हणायचे, "गेला की न्हाई? तुमी नाव शोधत बसलात. आदी बघायचं असतंय ओ, नाव काय, मागनं मिळतंय."

आता त्या दोन सह्यांबद्दल सांगतो. तळ्यावर कोणताही पक्षी वहीत चढायचा तर त्यापुढे 'पाहणारा' या रकान्यात दोघांच्या सह्या लागायच्या. एकट्यानं पाहिलेला पक्षी चालत नसे, मग तो पाहणारा कुणीही असो. हे खूळ कारखान्यातलं. मास्तर तरुण असताना त्यांनी काढलेला मोराचा नमुना तपासायला दुसरा माणूस हजर नव्हता, तो लग्नाला गावी गेला होता. घाई होती, मास्तरांनी एकट्यानं बघून माल सोडला. सगळ्या चादरी उतरल्यावर कळलं की मोराला तीन पाय. ही गोष्ट ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. मास्तर थांबायचे, हसणं संपू द्यायचे आणि मग म्हणायचे, "सगळा माल खपला. एका गिऱ्हाइकानं सुदिक तक्रार केली न्हाई. तेच मला लई लागलं. म्हंजे एवढे लोक ते पांघरून झोपले, अन् कुणी बघितलंच न्हाई." तेव्हापासून एकट्या डोळ्यावर त्यांचा भरवसा उडाला, आणि स्वतःच्या डोळ्यावर सगळ्यात आधी.

याचा पुरावा वहीतच होता. तळ्याच्या यादीत एक ओळ कायम कोरी होती. पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर येतो, उजनीवर तर थव्यानं येतो; पण कंबर तलावावर कुणी पाहिलेला नव्हता. म्हणजे खुद्द मास्तरांनी पाहिला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, आमचा गट होण्याच्या आधी, एकदा पहाटे एकट्यानं. एक हंस उतरला, पाणी प्यायला, गेला. मी म्हटलं, "अहो मग लिहा की, तुमच्यावर कोण अविश्वास दाखवणार आहे?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसा मी बनावट दाखला मागितलाय. "मी एकट्यानं बघितला. एकट्याचं काय खरं असतंय?" आणि ती ओळ कोरीच राहिली. दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी तळ्याची मोठी मोजणी व्हायची, त्या दिवशी ते आधी ती ओळ उघडून बघायचे आणि मग कामाला लागायचे.

दोन वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा मास्तर एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, सात रस्त्याच्या चौकापर्यंत जायचंय, याल का? त्यांचा मुलगा भिवंडीला, त्याचे तिथे माग आहेत. मास्तरीणबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी गाडी काढली. सात रस्त्याला गेल्यावर कळलं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. डॉक्टरांनी तासभर तपासलं, कसकसल्या यंत्रांपुढे हनुवटी टेकायला लावली आणि मग सांगितलं की काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला आहे. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली थेंब टाकून जमेल तेवढी टिकवायची, पण फार आशा धरू नका. मास्तरांनी एवढंच विचारलं, "दिवाळीनंतर किती दिसंल?" डॉक्टर म्हणाले, समोरचं माणूस कळेल, चेहरा कळेलच असं नाही.

बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीपाशी उभे राहिलो. रस्त्यावर हा गोंगाट. मी दोन ग्लास रस सांगितला. मास्तरच बोलले. मुलाला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईल, हे त्यांना माहीत होतं. आणि गटातल्या लोकांना कळलं तर त्याला कळेलच. "मोजणी तेवढी होऊ दे," म्हणाले. "एक डाव मोजणी करतो, मग जातो. तवर कुणाला सांगू नका." मी म्हटलं, सांगणार नाही, पण मास्तर, मोजणीला तुम्ही पुढे असणार, सगळे तुम्हाला विचारणार, तुम्ही काय करणार? त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "खोटं बोलणार न्हाय. दिसलं म्हणणार न्हाय. पण कुणी विचारलं न्हाय तर आपण हून सांगणारबी न्हाय. एवढं चालतंय का?" माझी परवानगी मागत होते, या माणसाला माझी परवानगी. चालतंय म्हणालो.

मधले दीड-दोन महिने मी जे पाहिलं ते काय सांगू. मास्तर दर रविवारी आले. सायकल बंद झाली, माझ्या गाडीवर यायला लागले; गुडघा दुखतो म्हणाले, आणि तो खरंच दुखत होता. दुर्बीण गळ्यात घालेनात. का म्हणून विचारलं तर "नव्या माणसाला देतो," आणि खरोखर एका नव्यानं आलेल्या बाईंना देऊनही टाकली. सही करायची वेळ आली की "तुमी दोघं करा, तुमी बघितलंय," म्हणायचे. लोकांना वाटायचं, मास्तर आता मोठेपणानं मागे सरकतायत, आपल्याला तयार करतायत. मी वही नंतर उलटून पाहिली. गणपतीनंतर एकाही पानावर त्यांची सही नाही. पण तळ्याची पायवाट त्यांना पाठ होती, कुठल्या झाडावर कोण बसतो ते पाठ होतं, आणि कान तर असे की टिबुकली बुडी मारून वर आली तर ती डावीकडे आली की उजवीकडे हे सांगायचे. मी त्यांचा हात धरून काहीतरी महत्त्वाचं बोलत चालल्याचं नाटक करायचो. त्या नादात भाजीचे भाव, आमच्या जावयाची बदली, करकंबच्या बाजारातली भांडणं, माझ्या पोटातलं सगळं त्यांना सांगून झालं.

मोजणीचा रविवार उजाडला. कार्तिकातली थंडी, पाण्यावर पातळ धुकं, जलपर्णीच्या कडेकडेनं लांब लाल पायांचे शेकाटे चालतायत. आम्ही बारा जण. आमच्यात एक दाताच्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे हातभर लांबीचा कॅमेरा. बाई फार उत्साही. त्यांनी पैलतीराजवळ बोट दाखवलं आणि नियम मोडून कुजबुजल्या, "चमच्या! चमच्या आहे तो!" बघतो तर खरंच, गवतात एक मोठा पांढराशुभ्र पक्षी मान ताठ करून उभा. चमच्या म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा मोठा बगळा, आमच्या तळ्यावर क्वचित दिसणारा. सगळे जागच्या जागी थिजले. दहा मिनिटं कुणी हललं नाही. डॉक्टरबाईंनी पन्नासेक फोटो काढले. कुणाला चोच दिसायला लागली, कुणाला तिच्या टोकाचा पिवळा ठिपका. मलासुद्धा दिसला, खोटं कशाला बोलू. सह्यांसाठी वही पुढे आली.

मास्तर बाकावर बसले होते. त्यांना तिकडे तळंच जेमतेम दिसत असणार. म्हणाले, "त्याचं तोंड कुनीकडं हाय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, आपल्याकडे. मास्तरांनी गालावर वारा घेतला. "वारा त्याच्या मागनं येतोय. मंग पक्षी वाऱ्याकडं पाठ करून का उभा राहील ओ? पिसं उलटी होतील की त्याची. आणि मगापासनं पाय बदलला का त्यानं एकदा तरी?" दुर्बिणी परत वर गेल्या. तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक मासेवाला हातानं पाणी मारत तिकडे गेला, त्यानं चमच्याला मानेला धरून उपटलं आणि तराफ्यावर आडवं टाकलं. जाळ्याची खूण म्हणून काठीला बांधलेली खताची पिशवी होती ती. डॉक्टरबाई मटकन खाली बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही सगळेच हसलो. आणि मग सगळे मास्तरांकडे वळून म्हणायला लागले, काय नजर आहे मास्तरांची, या वयात काय नजर आहे. मास्तर मान खाली घालून बसले होते. मी तळ्याकडे बघत राहिलो.

तीस जाती कधीच्या झाल्या होत्या. मंडळी डबे घेऊन बागेच्या फाटकाकडच्या झाडाखाली गेली. मास्तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी बसतो थोडा. मी अर्थातच थांबलो. ऊन जरा वर आलं होतं, धुकं विरलं होतं. चारेक मिनिटं गेली असतील, मास्तर एकदम उठून उभे राहिले. हात वर करून मला गप्प केलं. मला काही ऐकू येईना. मग आला तो आवाज, विजापूर रोडच्या बाजूनं, वरून, नाकात बोलल्यासारखा. मास्तर आनंदात असले की तेलुगूत जायचे. "वच्चिनया?" म्हणाले, म्हणजे आले का. मी वर बघितलं. सात होते. तळ्यावरून एक फेरी घेतली, पाय पुढे सोडले आणि पैलतीरापाशी पाण्यात उतरले. मी दुर्बीण लावली. पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, सातही जणांना. मी मोठ्यानं मोजून सांगितलं. मास्तर दोन्ही हात बाकाच्या पाठीवर ठेवून उभे होते आणि ज्या दिशेनं आवाज येत होता त्या दिशेला बघत होते.

मी वहीतली ती कोरी ओळ काढली. 'पाहणारा' रकान्यात सही ठोकली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "करा मास्तर." त्यांनी पेन धरलं आणि परत माझ्या हातात दिलं. "मला न्हाय दिसले." मी म्हटलं, अहो तुम्ही आवाज ओळखलात, माझ्या आधी ओळखलात, आणखी काय पाहिजे? ते म्हणाले, "रकाना पाहणाऱ्याचा हाय. ऐकणाऱ्याचा न्हाय." मग म्हणाले, "जावा, सगळ्यांना बोलवा."

मी जागचा हललो नाही. मला पुढचं दिसत होतं. सगळे येणार आणि एकमुखानं म्हणणार, इतक्या वर्षांची ओळ भरतेय, सही मास्तरांची. तेव्हा खोटं बोलायचं नसेल तर एकच उत्तर उरत होतं, आणि ते दिलं की संध्याकाळपर्यंत भिवंडीला फोन. मी म्हटलं, "मास्तर, नका बोलावू. ही सही मी खोडतो. आपण दोघांनाच माहीत. ओळ कोरी होती, कोरी राहू द्या. पुढल्या रविवारी परत येऊ, त्याच्या पुढल्या रविवारी येऊ." मला ते हवे होते हो. ओळ गेली खड्ड्यात.

मास्तरांनी थोडा विचार केला. अगदी मनापासून केला, मला ते दिसलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पण ते एवढ्या लांबनं डोंगर वलांडून आलेत, आणि माझ्या डोळ्यापायी आपण म्हणायचं, आलेच न्हाईत? असं कसं जमतंय ओ? जावा, बोलवा. उडून जातील."

मी पळत गेलो. मंडळी हातात भाकरी तशीच घेऊन धावत आली. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि कॅमेरा काढायचं विसरून नुसत्या उभ्या राहिल्या. सगळ्यांनी पाहिले. मग व्हायचं तेच झालं. डॉक्टरबाई वही घेऊन मास्तरांसमोर गेल्या. म्हणाल्या, "दुसरी सही तुमची. ही ओळ तुमचीच आहे." मास्तर साध्या आवाजात, जसे नेहमी बोलायचे तसे बोलले. "बाई, मी बघितले न्हाईत. मला आता दिसत न्हाई. बरेच दिवस झाले. सही तुमी करा." डॉक्टरबाईंनी सही केली. त्या सहीवर पाण्याचा डाग पडलाय, वही माझ्याकडे आहे, मी पाहिलाय.

त्यानंतर बाई मास्तरांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि काही न विचारता सांगायला लागल्या. सात आहेत, दोन जरा लांब आहेत, डोकं पांढरं आहे. मास्तर म्हणाले, पट्टे दोन्ही सारख्या लांबीचे की वरचा मोठा? थांबा, बघते म्हणाल्या. वरचा मोठा होता, डोळ्यापर्यंत येत होता. मानेवरून पांढरी तार किती खाली जाते? पाठीचा राखी एकसारखा की प्रत्येक पिसाला कड आहे? चोच पिवळी की नारिंगी, आणि टोक काळं आहे ना? एकेका प्रश्नाला आम्ही सगळे परत दुर्बिणी लावत होतो, आपसात भांडत होतो, ठरवत होतो आणि मग त्यांना सांगत होतो. हंस तासभर बसले. मी इतकी वर्षं तळ्यावर जात होतो, पण कुठल्याही पक्ष्याकडे मी इतका वेळ बघितलेलं नव्हतं. डबे तसेच राहिले. दही कुत्र्यानं खाल्लं.

मुलगा बुधवारी आला आणि शुक्रवारी त्यांना घेऊन गेला. मुलगा वाईट नाही, चांगला आहे, बापाची काळजी करतो. भिवंडीत त्यांची खोली मागांच्या वरच्या मजल्यावर आहे. जाताना वही आणि ती मातकट चादर माझ्या हवाली केली. सह्या दोनच पाहिजेत, ढिलाई करायची नाही, असं बजावलं आणि मोटारीत बसले. त्यांना निरोप द्यायला अकरा माणसं पहाटे त्या गल्लीत उभी होती. सगळे मातकट, राखी कपड्यांत.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. मागे मागांचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागतं आणि आमची ही आतून म्हणते, पक्षी इथूनच उडतील. काय काय होतं ते मी सांगतो. पहिल्या वर्षी मी मन लावून सांगायचो. पुढे पुढे, खरं सांगायचं तर, यादी वाचून दाखवायला लागलो. माणूस निर्ढावतो. गेल्या रविवारी थंडीनं सर्दी झाली होती, तळ्यावर उभा राहिलो न राहिलो करून लवकर परत आलो होतो. दुपारी फोन आला. काय होतं म्हणाले. मी म्हटलं, "काही विशेष नाही मास्तर, नेहमीचेच."

पलीकडे नुसते माग ऐकू येत होते. मग मास्तर म्हणाले, "नेहमीचे म्हंजे कोण कोण, ते सांगा की. मला हितं नेहमीचंबी काय न्हाई."

मी शेकाटे म्हणालो, थापटे म्हणालो, चांदवे म्हणालो. शेकाट्याचं डोकं यंदा पांढरं होतं की करडं, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. माझ्या समोरून वीसेक शेकाटे चालत गेले असतील, आणि मी एकाचंही डोकं बघितलेलं नव्हतं. मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, असू दे म्हणाले, सर्दीला जपा म्हणाले.

सोमवारी पहाटे मी एकटाच परत तळ्यावर गेलो. काठाशी एक शेकाट्या एका पायावर उभा होता. त्याच्यासमोर बसलो आणि ऊन वर येईपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिलो. मग फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी म्हटलं, मास्तर, तळ्यावरनं बोलतोय, शेकाट्या समोरच आहे. ते म्हणाले, "सांगा. घाई करू नका." आणि मी पायांपासून सुरुवात केली.